पंगतीला थॉर्न्ली रोव्हर्स

बस बरोबर आमच्या दारात बंद पडली, तेव्हा अकरा वाजून चाळीस मिनिटं झाली होती.

मी वरच्या खोलीच्या खिडकीत उभा होतो. गळ्यात मफलर होता. चॉकलेटी-पिवळ्या पट्ट्यांचा, आईने विणलेला, आणि घरातली लोकर संपल्याशिवाय सुया खाली ठेवायच्या नाहीत या तिच्या तत्त्वामुळे बारा फूट लांब. सामना तीन वाजता होता. मी सकाळी सहापासून तयार होतो. खरं सांगायचं तर सोमवारपासून.

बसचा दरवाजा उघडला. आधी अण्णा उतरले, म्हणजे माझे वडील. ते त्या बसचे ड्रायव्हर. मग निळा कोट घातलेला एक धिप्पाड माणूस पाय मोकळे करायला उतरला. तो बिग रॉन टॅटरसल होता. त्या मोसमात एकतीस गोल. शेजारच्या डेरेकच्या शेडमध्ये याचाच फोटो टाचून आम्ही हिवाळाभर त्याच्यावर बाण मारले होते. फोटोपेक्षा तो बराच मोठा होता.

"आई!" मी जिन्यावरून ओरडलो. "थॉर्न्ली रोव्हर्स आपल्या दारात आलेत!"

"मग चपला बाहेर काढायला सांग," आई स्वयंपाकघरातून म्हणाली.

आमचं गाव ब्रॅकनशॉ. लँकाशरमधलं. तीन धुराडी, एक बिस्किटांचा कारखाना, एक मोज्यांचा कारखाना (आई तिथे कामाला), आणि फुटबॉलचा एक क्लब. ब्रॅकनशॉ टाउन. मी चौथ्या वर्षी मिरजेहून तिथे गेलो, आठव्या वर्षी डेरेक ऑर्मरॉडने मला गोलमागच्या पायऱ्यांवर नेलं, आणि त्यानंतर मला दुसरा धर्म उरला नाही. माझं नाव सुधन्वा नलावडे. घरात धनू, पायऱ्यांवर सिड. पायऱ्यांवरच्या माणसांना माझं खरं नाव कधी जमलं नाही, पण गोल झाला की तीच माणसं मला खांद्यावर घेत. मला तेवढं पुरे होतं. गोल फार होत नसत हा भाग वेगळा.

तो मोसमाचा शेवटचा शनिवार होता. हिशोब सोपा होता. जिंकलो तर तिसऱ्या डिव्हिजनमध्ये राहणार. हरलो तर चौथीत. बरोबरी झाली तरी चौथीत. आणि समोर थॉर्न्ली रोव्हर्स, जे आधीच पहिले आले होते आणि केवळ शिष्टाचार म्हणून खेळायला येत होते.

त्या आठवड्यात माझ्या घशाखाली घास उतरत नव्हता. बुधवारी आईने माझ्या आवडीची मसुराची आमटी केली, मी ती तशीच सोडून उठलो. आईने अण्णांकडे बघितलं. अण्णांनी वर्तमानपत्राची घडी घातली आणि विचारलं, "अजून त्या खेळाचंच?"

"शनिवारी जिंकलंच पाहिजे, अण्णा. नाहीतर सगळं संपलं."

"दीड दीड तास ज्यात आकडाच बदलत नाही, त्याला खेळ म्हणायचं की मुक्काम?" अण्णा म्हणाले आणि झोपायला गेले. गुरुवारी मी बिस्किटावर होतो. शुक्रवारी बिस्किटही जाईना.

अण्णा मूळचे मिरज डेपोचे एस.टी. ड्रायव्हर. एकदा अंबा घाटात क्लच तुटलेली गाडी, आत अख्खं लग्नाचं वऱ्हाड, त्यांनी मुहूर्ताच्या आधी मांडवात पोचवली होती. ब्रॅकनशॉच्या बस डेपोत अकरा वर्षं झाली, त्यांची गाडी एकदाही बंद पडली नव्हती की एक मिनिट उशिरा आली नव्हती. पाहुण्या संघाला स्टेशनवरून हॉटेलात जेवायला न्यायचं आणि तिथून मैदानावर सोडायचं, हे काम डेपोकडे असे. त्या शनिवारी ते अण्णांकडे आलं होतं.

मी खाली धावलो. फुटपाथवर थॉर्न्लीचा मॅनेजर उभा होता. मिस्टर ग्रिमशॉ. बुटका, मेंढीच्या कातड्याचा कोट घातलेला, हातात घड्याळ.

"किती वेळ लागेल?" त्याने विचारलं.

"रेडिएटर तापलाय," अण्णा म्हणाले. "दहा मिनिटं."

वाफ कुठे दिसत नव्हती. पण वाफ बघायला मला वेळ कुठे होता? दोन हातांवर बिग रॉन आमच्या गुलाबाचा वास घेत होता.

"टॅक्सी मागवता येईल?"

"कोपऱ्यावर फोन आहे. त्याची तार ईस्टरपासून तुटलेली आहे."

तेवढ्यात आई दारात आली. नवी साडी, वरून कार्डिगन, मनगटापर्यंत पीठ. त्या दिवशी अक्षय्य तृतीया होती. आसपासच्या गावांतली पाच मराठी बिऱ्हाडं, मिळून बावीस माणसं, संध्याकाळी आमच्याकडे जेवायला यायची होती आणि आई पहाटेपासून पुरणपोळ्या लाटत होती.

"अहो, ही माणसं बाहेर का उभी?"

"गाडी तापलीय."

"जेवलीत का?"

"हॉटेलात जेवणार आहेत."

"कधी? गाडी तर इथं उभी."

अण्णांनी बॉनेट उघडलं आणि पुन्हा मिटलं.

"सगळ्यांना आत बोलवा," आई म्हणाली.

"आई!" माझा आवाज फुटला. "ते थॉर्न्लीचे आहेत! आज त्यांच्याशीच सामना आहे!"

"असू दे की. सणाच्या दिवशी दारात चौदा माणसं उपाशी उभी, आणि मी आत पोळ्या रचत बसू? थॉर्न्लीच्या माणसांना पोट नसतं व्हय?"

मिस्टर ग्रिमशॉने टोपी काढली. "मॅडम, फार आभारी आहे, पण सामन्याआधी माझी पोरं फक्त उकडलेली कोंबडी आणि टोस्ट खातात. काहीतरी हलकं."

"हलकंच आहे," आई इंग्रजीत म्हणाली. तिचं ते प्रामाणिक मत होतं. पुरणपोळी तिच्या लेखी जड कधीच नव्हती. जड म्हणजे लग्नातलं जेवण.

दहा मिनिटांत ओसरीवर चौदा जोड बूट लागले. बैठकीच्या खोलीतलं सगळं सामान आम्ही मागच्या अंगणात काढलं, खाली चादरी घातल्या आणि भिंतीला पाठ लावून तिसऱ्या डिव्हिजनच्या अव्वल संघाची पंगत बसली. मांडी घालून. म्हणजे आईने तसं सांगितलं. त्यांच्यातल्या कोणी लहानपणानंतर मांडी घातली नव्हती. गोलकीपरचे गुडघे खाली जाईनात. आईने ते दोन्ही हातांनी दाबले, परातीत कणीक दाबावी तसे. कुठेतरी कट्कन वाजलं.

"आता बरं वाटतंय का?" आईने विचारलं.

"हो, मॅडम," गोलकीपर पांढऱ्याफटक चेहऱ्याने म्हणाला.

पानं वाढली. बटाट्याची भाजी, कुरडया, कटाची आमटी, मसालेभात, डब्यातल्या आंब्याचा रस, आणि ताटाबाहेर चार बोटं येणारी पुरणपोळी. कोणी हात लावेना. शेवटी बिग रॉनने एक तुकडा तोडला, तोंडात घातला आणि डोळे मिटले.

"बॉस," तो म्हणाला, "हा एक प्रकारचा पॅनकेक आहे. आत काय आहे ते मला माहीत नाही. माहीत करूनही घ्यायचं नाही. फक्त अजून एक पाहिजे."

मग सगळे तुटून पडले. मी कोपऱ्यात उभा राहून माझ्या क्लबचे शत्रू माझ्याच आईच्या हातचं खाताना बघत होतो, आणि रडू येऊ नये म्हणून मफलर चावत होतो.

आता इथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. नको म्हणायची आपली एक पद्धत आहे. तोंडाने म्हटलेलं नको हे नको नसतं, ते नुसतं सुरुवातीचं बोलणं असतं. दुसरं नको म्हणजे थोडं वाढा. तिसरं नको म्हणताना दोन्ही हात पानावर आडवे धरावे लागतात, अंग मागे टाकावं लागतं आणि कोणाची तरी शपथ घालावी लागते. तेव्हा कुठे अर्धी पोळी कमी येते. हे आपल्याला पाळण्यात असतानाच शिकवलेलं असतं. इंग्रज माणूस मात्र एकदाच नको म्हणतो, तेही हसून, आणि वर म्हणतो, "फारच छान होतं." आमच्या घरात फारच छान होतं याचा अर्थ एकच. वाढा.

"फारच छान होतं, मिसेस नलावडे," सेंटर हाफ म्हणाला. पोळी पडली.

"नाही, खरंच, पोट भरलं." पोळी पडली.

"आमच्यात पानात टाकत नाहीत हां," आई प्रेमाने म्हणाली. तो बिचारा परत खायला लागला. त्याच्या आईनेही त्याला तेच शिकवलं होतं.

पाऊण वाजला. बिग रॉनने सहावी पोळी संपवली, एक लांब सुस्कारा सोडला आणि पँटचं वरचं बटण काढलं. मी त्याच्याकडे बघितलं. मग घड्याळाकडे. मग पुन्हा त्याच्याकडे. आणि मला अण्णा आठवले. दर होळीला दुपारी पुरणपोळी खाऊन आडवे होणारे अण्णा. संध्याकाळी पाचपर्यंत त्यांना हलवून उठवावं लागे, आणि उठल्यावर कोणतं गाव ते ते विचारत.

मी मफलर तोंडातून काढला.

मी तुपाचं भांडं उचललं.

"मिस्टर टॅटरसल, तुपाशिवाय पोळी म्हणजे काही खरं नाही."

"अरे नको पोरा, आता—"

"आईला वाईट वाटेल."

त्याने स्वयंपाकघराकडे बघितलं, मग निमूटपणे ताट पुढे केलं. ही युक्ती प्रत्येकावर चालली. मी एका टोकाने निघायचो, आई दुसऱ्या टोकाने. मधे अण्णा खिडकीपाशी उभे. मिस्टर ग्रिमशॉ मान वर करून विचारायचा, "गाडी?" अण्णा म्हणायचे, "दहा मिनिटं." अकरा वर्षांत अण्णांनी सांगितलेली वेळ चुकली नव्हती, आणि आता ते पाऊण तास दहा मिनिटंच सांगत होते. मला ते खटकायला हवं होतं. पण मी तूप वाढत होतो.

"धनू," आई म्हणाली, "आत श्रीखंड आहे. त्यात वेलची घातलीय, चिमूटभर जायफळ किसून घाल आणि घेऊन ये."

मी आत गेलो. दार लोटलं.

जायफळ काय करतं हे मिरजेच्या कोणत्याही पोराला ठाऊक असतं. माझी आजी रडक्या बाळाला उगाळून एक बोट चाटवायची, बाळ संध्याकाळपर्यंत शांत. मी डब्यातून एक जायफळ काढलं आणि किसायला घेतलं. चिमूट झाली. हात थांबेना. चौथी डिव्हिजन डोळ्यांसमोर दिसत होती, आणि तिच्यातली ती मैदानं, जिथे म्हणे गोलमागे गाई चरतात. पहिलं जायफळ संपलं. मी दुसरं घेतलं. त्याच्या शेवटाला बोटाचं सालटं निघालं. तो वण अजून आहे.

फळीवर आमचे देव होते. अतिथी म्हणजे देव, असं मला त्याच फळीसमोर शिकवलं होतं, आणि मी चौदा देवांना गुंगी आणत होतो. मी गणपतीकडे बघायचं टाळलं. बाळकृष्णाकडे बघितलं. दुधादह्याच्या बाबतीत त्यांचाही पूर्वेतिहास फार स्वच्छ नव्हता. त्यांनी काही हरकत घेतली नाही.

श्रीखंड घेऊन बाहेर आलो. आईने बोटभर चाखलं. माझ्याकडे एक क्षण बघितलं.

"बरं झालंय," ती म्हणाली आणि वाढायला लागली.

दीड वाजता थॉर्न्लीचा मालिशवाला भिंतीला टेकून घोरत होता. गोलकीपर मांडीतून सुटला होता, पण पाय लांब करून तिथेच आडवा झाला होता. मिस्टर ग्रिमशॉने श्रीखंडाची तिसरी वाटी चाटूनपुसून संपवली आणि खेळाची योजना समजावून सांगायला सुरुवात केली. दुसऱ्या वाक्याला तो योजना विसरला.

दोन वाजून दहा मिनिटांनी अण्णांनी मनगटावरच्या घड्याळात बघितलं, बाहेर गेले आणि बस सुरू केली. पहिल्याच फटक्यात.

निघताना आईने प्रत्येकाच्या कपाळाला कुंकू लावलं आणि तळहातावर दही-साखर ठेवली.

"आई, त्यांना कशाला दही?" मी कुजबुजलो. "यश द्यायला?"

"मोहिमेवर निघालेल्याला रिकाम्या हाताने पाठवू नये," आई म्हणाली. मग माझ्या हातावरही ठेवलं. दोनदा.

मी आणि डेरेक मैदानापर्यंत पळत गेलो. मफलरचं एक टोक माझ्या गळ्यात, दुसरं त्याच्या.

"तुझ्या घरून कसला वास येत होता?" डेरेकने धापा टाकत विचारलं.

"विजयाचा," मी म्हणालो. पंधराव्या वर्षी माणूस असं बोलतो.

पायऱ्यांवर मुंगी शिरायला जागा नव्हती. थॉर्न्लीचे खेळाडू रांगेने बाहेर आले. अकराच्या अकरा कपाळांवर कुंकू. लोक गप्प झाले. मागून कोणीतरी म्हणालं, "च्यायला, हे तर युद्धाला आलेत!" लँकाशरमध्ये च्यायला म्हणत नाहीत, पण जे म्हणतात त्याचा अर्थ तोच.

सामना सुरू झाला. बिग रॉनने पहिला पास दिला आणि पास दिला तिथेच उभा राहिला. पाच मिनिटं. दहाव्या मिनिटाला चेंडूच त्याच्याकडे आला. समोर एकटा आमचा गोलकीपर. अख्ख्या पायऱ्यांनी श्वास रोखला. रॉनने पाय मागे घेतला, आणि त्या शांततेत एक ढेकर ऐकू आली. दमदार, पुरणाची. चेंडू घरंगळत आमच्या गोलकीपरच्या हातात आला.

"त्याला झालंय काय?" डेरेक ओरडला.

"दडपण," मी म्हणालो.

थॉर्न्लीचा उजवा विंगर धावायला लागला की पाच पावलांवर कुशीला हात लावून थांबायचा. त्यांचा गोलकीपर खांबाला टेकून उभा होता आणि खांबच त्याला धरून होता. हाफटाइमला ते आत गेले ते आठ जणच बाहेर आले. बाकीच्या तिघांना उठवून आणावं लागलं.

पण आमची टीम! आमची टीम पूर्ण जागी होती, याबद्दल शंका नाही. जागं असणं आणि खेळता येणं या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे मला त्या दुपारी कळलं. दोनदा आडव्या खांबावर. एकदा मोकळ्या गोलसमोर हवेत लाथ. एक पेनल्टी मिळाली, ती आमच्या कॅप्टनने सरळ बिस्किटांच्या कारखान्याच्या छपरावर पाठवली. शून्य-शून्य. आणि शून्य-शून्य म्हणजे चौथी डिव्हिजन.

पंचाहत्तराव्या मिनिटाला जे व्हायला नको होतं ते झालं. त्यांना पचायला लागलं.

आधी विंगर जागा झाला. मग सेंटर हाफने डोळे चोळले. बिग रॉनने स्वतःच्या दोन थोबाडीत मारून घेतल्या आणि बैल उधळावा तसा निघाला. तीन जणांना आडवं करून त्याने मारलेला चेंडू खांबावर असा आदळला, की पत्र्याचं छप्पर झणझणलं. मी डोळे मिटले. तिसरं जायफळ डब्यात होतं. मी ते का नाही किसलं? का नाही किसलं?

"सिड, बघ! कॉर्नर आहे! आपला!" डेरेकने मला गदगदा हलवलं.

सत्त्याऐंशीवं मिनिट. चेंडू वर आला. थॉर्न्लीच्या गोलकीपरने उडी मारायचं ठरवलं. मारली नाही, नुसतं ठरवलं. आमचा लेफ्ट बॅक केनी प्लंब, सहा मोसमांत एकही गोल न केलेला माणूस, चेंडू कुठे गेला म्हणून मागे वळून बघत होता. चेंडू त्याच्या मानेवर आपटला आणि आत गेला.

त्यानंतर काय झालं ते मला तुकड्यातुकड्यांनीच आठवतं. मी हवेत होतो. माझ्या मफलरमध्ये सात माणसं अडकली होती. एक म्हातारा माझ्या गालांचे मुके घेत होता. डेरेक एकच शब्द ओरडत होता आणि तो शब्द "प्लंब" होता. उरलेली मिनिटं मी बघितलीच नाहीत, नुसती ऐकली. शिटी वाजली. आम्ही सगळे कुंपणावरून मैदानात उतरलो.

त्या गर्दीत, मधल्या वर्तुळात बिग रॉन बसला होता. कुंकू घामाने नाकापर्यंत ओघळलेलं. त्याने मला ओळखलं.

"ए पोरा. इकडे ये."

मी गेलो.

"तुझ्या घरी शेवटी ते पांढरं, गोड होतं. त्याच्यात..."

मी बोट पाठीमागे लपवलं.

"...त्याला म्हणतात काय?"

"श्रीखंड."

"मी जन्मात असं काही खाल्लेलं नाही," तो म्हणाला. "आईला सांग." आणि हजारो माणसं नाचत असताना तो गवतावर आडवा झाला, डोळे मिटले, आणि तोंडावर समाधान पसरलं. मला एवढी लाज त्याआधी कधी वाटली नव्हती. मी क्षणभर थांबलो. मग नाचायला गेलो.

संध्याकाळी बावीस पाहुणे आले. घरात पुरणाचा कण नव्हता. आईने पिठलं-भात टाकला, आणि कामेरकर काका पुढची कित्येक वर्षं आमच्याकडे यायच्या आधी फोन करून विचारत, "वहिनी, आज कोणाचा सामना नाही ना?" मी मात्र ताटावर बसलो तो उठलोच नाही. अण्णा समोर बसून बघत होते. "जिंकलात म्हणे," एवढंच ते म्हणाले.

पुढच्या वर्षी आम्ही चौथ्या डिव्हिजनमध्ये उतरलोच. त्या खेपेला कोणाची बस बंद पडली नाही.

त्यानंतर दर ख्रिसमसला रॉन टॅटरसलचं आईला कार्ड यायचं. एकेचाळीस वर्षं. दरवेळी मी ते वाचायचो, आणि बोटावरचा वण चुरचुरायचा. चाळिसाव्या कार्डावर त्याने पुन्हा श्रीखंड कसं करतात ते विचारलं होतं. एकेचाळिसावं आलं ते त्याच्या मुलीने लिहिलं होतं. बाबा गेले. काही त्रास झाला नाही. झोपेतच गेले.

'झोपेतच' या शब्दाने माझा निकाल लावला.

त्यानंतरच्या अक्षय्य तृतीयेला मी ब्रॅकनशॉला गेलो. तेच घर, तीच खोली. आता टेबल होतं, कारण मांडी कोणालाच जमत नव्हती. अण्णा चौऱ्याऐंशीचे, आई एकोणऐंशीची. पुरणपोळी होतीच. पहिला घास घ्यायच्या आधी मी म्हणालो, "आई, मला एक सांगायचंय. तू त्या दिवशी चिमूटभर जायफळ घाल म्हणालीस. मी दोन घातली. अख्खी."

आईचा हात थांबला.

"दोन?"

"दोन."

"अगंबाई," ती म्हणाली आणि खुर्चीत बसली. "म्हणजे पाच झाली."

"पाच कशी?"

"तीन मी दुसऱ्यांदा वाढलेल्या आमरसात घातली होती. तू तूप वाढत होतास तेव्हा."

अण्णांनी भाताचा घास संपवला, पाणी प्यायले, आणि ताटाकडे बघत म्हणाले, "रेडिएटरला काही झालं नव्हतं."

"ते मला तेव्हाच कळलं," आई म्हणाली. "अंबा घाटात क्लच तुटलेली गाडी आणणारा माणूस आपल्या इंकरमन स्ट्रीटवर अडकतो व्हय?"

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही तरी कुठं बोललात?"

"बोलणार काय? माझा बेत होता त्यांचं जेवण चुकवायचं. उपाशी पोटी खेळले असते. तू दार उघडून त्यांना पंगतीला बसवलंस. मला वाटलं, झालं, आता हे डबल जोराने खेळणार."

"अहो, मग गाडी आपल्याच दारात कशाला थांबवलीत? गावात एवढे रस्ते!"

अण्णा बोटाने ताटाची कड पुसत होते.

"थांबवायची पुढं बिस्किटाच्या कारखान्यापाशी होती," ते म्हणाले. "पण वळण घेतलं आणि वर बघितलं. हा खिडकीत उभा. गळ्यात ते फडकं. चार दिवस पोटात अन्न नाही पोराच्या." त्यांनी पाण्याचा पेला सरळ केला. "पाय आपसूक ब्रेकवर गेला."

मी खाली बघून पोळी खाल्ली. मग दुसरी. तिसरी संपली तेव्हा आई हातात चौथी घेऊन उभी होती.

"नको," मी म्हणालो.

"नको आई, खरंच."

मग मी अंग मागे टाकलं, दोन्ही हात पानावर आडवे धरले आणि तिला तिचीच शपथ घातली.

आईने पोळी माझ्या हातांवर वाढली.